बुद्धिबळात ताकद लागत नाही, मग बायकांची स्पर्धा वेगळी कशाला?

२०२५ च्या जुलैत आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बाटुमीला महिला वर्ल्ड कप जिंकला. फायनलला समोर कोण, तर कोनेरू हंपी, म्हणजे कप भारतात येणार हे आधीच नक्की होतं. क्लासिकलचे म्हणजे तासन्‌तास चालणारे दोन्ही डाव बरोबरीत सुटले आणि टायब्रेकच्या रॅपिडमध्ये, म्हणजे कमी वेळाच्या डावांत, १९ वर्षांच्या पोरीने हंपीला हरवलं, त्या एका विजयात थेट ग्रँडमास्टर झाली, म्हणजे खेळातला सर्वात वरचा किताब, भारताची ८८ वी. स्टेटस टाकून झाले, पेढ्यांचे फोटो फिरून झाले, आणि मग जवळजवळ प्रत्येक फॅमिली ग्रुपवर कुठल्या तरी काकांनी तो प्रश्न टाकलाच. अभिनंदन वगैरे ठीक आहे, पण बुद्धिबळात बायकांचा वेगळा कप कशाला, इथे काय भाला फेकायचाय?

काका चुकीचं काही विचारत नाहीयेत. घोडा उचलून ठेवायला दंड लागत नाही. पण ग्रुपवर पुढे जे होतं ते ठरलेलं. अर्धे लोक म्हणतात पुरुषांचा मेंदूच तसा असतो, निसर्ग आहे. उरलेले म्हणतात काही फरक-बिरक नाही, सगळी समाजाची चूक. आणि दोन्हीकडचे एकही आकडा न बघता झोपायला जातात. या विषयावर गेली पन्नास वर्षं भरपूर अभ्यास झालाय आणि त्यातलं बरंचसं आपल्याला समजण्यासारखं आहे, म्हणून हा लेख.

'पुरुषांची' स्पर्धा अशी काही नसतेच

हे आधी क्लिअर करू, कारण इथेच गाडी अडते. बुद्धिबळात एक असते ओपन स्पर्धा, तिच्यात कुणीही खेळू शकतं, बाई, बुवा, आजोबा, आठ वर्षांची मुलगी. आणि दुसरी असते महिलांची, तिच्यात फक्त महिला. गुकेश २०२४ च्या डिसेंबरमध्ये जिंकला ती वर्ल्ड चॅम्पियनशिप नियमाने सगळ्यांसाठी खुली आहे.

आता ओपन म्हणजे खरंच ओपन हे काही आपोआप झालं नाही, आणि त्यात मुंबईचा वाटा आहे, जो आपल्यालाच माहीत नसतो. १९७६ मध्ये रोहिणी खाडिलकर, वय १३, पुरुषांच्या नॅशनलमध्ये खेळायला उतरली. केवढा गदारोळ झाला. प्रकरण हायकोर्टात गेलं आणि शेवटी जागतिक संघटनेचे म्हणजे फिडेचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्णय दिला की बायकांना कुठल्याही राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून वगळता येणार नाही. 'नवाकाळ'वाल्या नीळकंठ खाडिलकरांच्या तीन मुली, वासंती, जयश्री आणि रोहिणी. महिलांची नॅशनल १९७४ ला सुरू झाली आणि पहिल्या दहा वर्षांतली विजेतेपदं या एकाच घरात गेली. रोहिणीने पाच वेळा नॅशनल मारली, १९८१ ला आशियाई विजेतेपद आणलं. क्रिकेटवाल्यांच्या घराण्यांच्या गोष्टी आपल्याला तोंडपाठ असतात, ही गोष्ट मात्र शाळेत कुणी सांगितली नाही.

फरक आहे का? आहे

फरक मोजायचा तर रेटिंग समजून घ्यायला लागेल. प्रत्येक स्पर्धा खेळणाऱ्याला एक आकडा असतो, जिंकलं की वाढतो, हरलं की कमी होतो, आणि तगड्या माणसाला हरवलं तर जास्त वाढतो. अर्पाद एलो नावाच्या प्राध्यापकांनी ही पद्धत बसवली, फिडेने ती १९७० ला घेतली. दोघांमध्ये २०० चा फरक असेल तर वरच्याने शंभर डावांत साधारण ७६ गुण काढायला हवेत, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

आता आकडे. मॅग्नस कार्लसनचं आजवरचं सर्वोच्च रेटिंग २८८२. बायकांमध्ये सर्वोच्च ज्युडिट पोल्गारचं, २७३५, तिच्यानंतर चीनची हौ यिफान, २६८६. जगात दोन हजारांवर ग्रँडमास्टर झाले, त्यात बायका चाळीस-पंचेचाळीस. दिव्याच्या वेळी आपले ८८ होते, त्यात बायका चार: हंपी, हरिका, वैशाली, दिव्या. तेव्हा फरकच नाही असं म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं. वरच्या टोकाला फरक आहे आणि मोठा आहे. भांडण आहे ते कारणावरून.

ए विंग आणि बी विंग

समजा तुमच्या सोसायटीत दोन विंग आहेत. ए विंग म्हणजे मोठा टॉवर, तिथून यंदा ३२ पोरं दहावीला बसली. बी विंग म्हणजे मागची जुनी छोटी बिल्डिंग, तिथून बसली दोन. दोन्हीकडची पोरं अगदी सारखी हुशार, एकाच क्लासला जाणारी. गणपतीत सेक्रेटरी पहिल्या नंबराला बक्षीस देणार, तर ते कुठल्या विंगला जाईल? ३४ पैकी ३२ वेळा ए विंगला, म्हणजे ९४ टक्के. दर वर्षी. आणि चार-पाच वर्षं हेच झालं की कुणीतरी म्हणायला लागेल की बी विंगच्या पाण्यातच काहीतरी आहे, टाकी साफ करून घ्या.

बुद्धिबळात फिडेचं रेटिंग असलेल्यांमध्ये बाई दहात जेमतेम एक असते. म्हणजे सगळ्यात वरचा माणूस कोण, त्याच्या खालचा कोण, अशी तुलना करत गेलात तर मोठा गट जिंकणारच, डोकी सारखी असली तरी.

किती फरकाने जिंकेल, तोही हिशोब करता येतो. धरा की सगळ्यांचं सरासरी रेटिंग १५०० आहे आणि तीनातले दोघे १२०० ते १८०० च्या मध्ये बसतात, बाकीचे टोकांना. अशा गटातून १०,००० जण उचलले तर त्यातला सर्वात तगडा साधारण २६५० चा निघेल. त्याच गटातून फक्त १,००० उचलले तर सर्वात तगडा निघेल साधारण २४७० चा. माणसं तीच, मेंदू तेच, सरासरी तीच, फक्त कमी माणसं उचलली तर शिखरावर १८० पॉइंट गायब. म्हणजे एक तगडा ग्रँडमास्टर, तर दुसरा त्याच्या खालच्या किताबाचा, इंटरनॅशनल मास्टर, एवढं ते अंतर.

२००९ मध्ये मेरिम बिलालिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे खऱ्या माणसांवर तपासलं. जर्मनीच्या फेडरेशनकडे १,२०,००० पेक्षा जास्त खेळाडूंची नोंद होती, त्यात बाई सोळा पुरुषांमागे एक (ए विंग-बी विंगचे आकडे मी तिथूनच ढापलेत). त्यांनी वरचे शंभर पुरुष आणि वरच्या शंभर बायका घेतल्या, पहिल्यासमोर पहिली, दुसऱ्यासमोर दुसरी, असं लावून फरक काढला, आणि नुसत्या संख्येमुळे किती फरक पडायला हवा तेही काढलं. खऱ्या फरकातला ९६ टक्के भाग नुसत्या संख्येनेच सुटला.

मग विषय संपला?

नाही ना. हा ९६ चा आकडा लोक फॉरवर्ड करतात आणि पुढचं वाचत नाहीत. वर्षभरात मिखाएल क्नाप या संशोधकाने तेच जर्मन आकडे घेऊन दाखवलं की गणिताची पद्धत जरा जास्त काटेकोर घेतली तर संख्येने साधारण दोन तृतीयांशच फरक सुटतो, बाकीचा शिल्लक राहतो. मग २०२० मध्ये न्यूयॉर्कचे वेई जी मा यांनी भारताचे आकडे तपासले आणि म्हणाले की भारतात वरच्या टोकाचा फरक संख्येने समजावता येतो. त्यावर लगेच उत्तर आलं की भारत वेगळा आहे, इतर अनेक देशांत बायकांची सरासरीच कमी येते, आणि सरासरीच वेगळी असेल तर नुसत्या संख्येचा हिशोब लागू पडत नाही.

हे उत्तर बरोबर आहे. सोसायटीच्या भाषेत सांगायचं तर बी विंगच्या पोरांना सरासरीच पाच मार्क कमी पडत असतील तर 'दोनच पोरं आहेत हो' एवढं कारण पुरत नाही. पण तिथून उडी मारून 'म्हणजे डोकंच कमी' असंही म्हणता येत नाही, कारण सरासरी कशाने खाली आली हे त्या आकड्यात लिहिलेलं नसतं. क्लास लांब आहे, घरात जागा नाही, पाचवीऐवजी आठवीत सुरुवात केली, काहीही असू शकतं.

तर माझ्या मते आजचा प्रामाणिक हिशोब असा: शिखरावर दिसणाऱ्या फरकाचा मोठा भाग संख्येचा आहे, सगळा नाही, आणि उरलेला भाग कशाचा याच्यावर वाद चालू आहे. यापेक्षा ठाम जो कोणी बोलेल, मग तो कुठल्याही बाजूचा असो, त्याला विचारा की तू कुठल्या देशाचे आकडे घेतलेस.

पण मुळात बुद्धिबळाला 'तल्लख डोकं' लागतं का?

हा भाग मला सगळ्यात आवडतो. आपल्याकडे खेळाच्या नावातच बुद्धी असल्यामुळे सगळ्यांनी गृहीत धरलंय की चांगला खेळतो म्हणजे आयक्यू भारी. हॉलंडचे आद्रियान द ग्रूट, स्वतः ऑलिंपियाड खेळलेले मानसशास्त्रज्ञ, त्यांनी १९४० च्या दशकात दिग्गज आणि साध्या क्लबच्या खेळाडूंना बोलकं करून बघितलं, चाल शोधताना डोक्यात काय चाललंय ते मोठ्याने सांगा म्हणाले. अपेक्षा अशी की दिग्गज वीस चाली पुढचं बघत असतील. तसं काही निघालं नाही. दोघेही साधारण तेवढंच खोल बघत होते, फक्त दिग्गजांना बघायला सुरुवात कुठून करायची ते लगेच दिसत होतं.

मग १९७३ मध्ये अमेरिकेत विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन (सायमनना पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं) यांनी प्रसिद्ध प्रयोग केला. खऱ्या डावातली पोझिशन पाच सेकंद दाखवायची, झाकायची, आणि सांगायचं की आता दुसऱ्या पटावर मांड. मास्टरने बरीचशी बरोबर मांडली, नवशिक्याला चार-पाच सोंगट्या जमल्या. मग त्यांनी सोंगट्या वाट्टेल तशा विस्कटून ठेवल्या, कुठल्याही डावात येणार नाही अशा. मास्टरची जादू जवळजवळ संपली, तोही नवशिक्याच्या पंगतीत येऊन बसला. नंतरच्या अभ्यासांत मास्टरला तिथेही थोडासा फायदा दिसला, पण थोडासाच.

म्हणजे काय, तर मास्टरची स्मरणशक्ती भारी नसते, त्याच्याकडे बुद्धिबळाचे तुकडे साठलेले असतात. पटावरच एक बघा. पांढऱ्याने राजाच्या बाजूला कॅसलिंग केलंय, म्हणजे राजाला कोपऱ्याकडे सुरक्षित नेऊन हत्ती त्याच्या शेजारी आणलाय: राजा जी१ वर, हत्ती एफ१ वर, समोर एफ२, जी२, एच२ वर तीन प्यादी. नवीन शिकणाऱ्याला या पाच सोंगट्या आहेत, पाच घरं लक्षात ठेवायची आहेत. मास्टरला ही एकच गोष्ट आहे, 'कॅसल केलेला राजा', आणि त्याला चिकटून आपोआप येतात त्याच्या खोड्या: मागच्या रांगेतली मात, एच२ वर उंटाचा बळी, जी प्यादं पुढे गेलं तर पडणारी भोकं. त्याच जागी एच२ चं प्यादं एच३ वर असेल तर त्याला ते खटकन दिसतं, जसं ओळखीच्या माणसाने मिशी काढली की दिसतं. असे हजारो तुकडे, सायमन यांच्या एका अंदाजाने पन्नास हजारांच्या आसपास. ते जन्मताना कुणाच्याच डोक्यात नसतात, ना मुलाच्या ना मुलीच्या. ते खेळून, हरून, डाव परत परत बघून भरतात.

मग आयक्यूचा काहीच संबंध नाही? आहे, पण आपण समजतो त्याच्या मानाने किरकोळ. २०१६ मध्ये अलेक्झांडर बर्गोईन आणि सहकाऱ्यांनी तोवर झालेले अभ्यास एकत्र केले, १९ अभ्यास, साधारण १,८०० माणसं. नवीन कोडी सोडवण्याची क्षमता आणि बुद्धिबळातलं कौशल्य यांचा संबंध निघाला ०.२४ (शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, एक म्हणजे पूर्ण), म्हणजे खेळाडूंमधल्या फरकातला साधारण सहा टक्के त्यातून समजतो. लहान मुलांत हा संबंध जास्त, मोठ्यांत आणि तगड्यांत कमी. याचं कारण सरळ आहे, सुरुवातीला तुकडे नसतात तेव्हा डोकं चालवायला लागतं, नंतर साठा काम करतो.

बिलालिच यांचाच २००७ चा एक छोटा अभ्यास आहे, ५७ शाळकरी मुलांचा. सगळ्या मुलांत मिळून हुशारीचा थोडा उपयोग दिसला, पण सरावाचा त्याहून जास्त. आणि त्यातली सगळ्यात चांगली खेळणारी २३ मुलं वेगळी काढली तर तिथे कमी आयक्यूवाली थोडी पुढे निघाली, कारण ती जास्त सराव करत होती. मुलं थोडी आहेत म्हणून यावर फार इमारत बांधू नका, पण 'माझा मुलगा इतका हुशार आहे, तरी रेटिंग का येत नाही' असं विचारणाऱ्या पालकांना हा अभ्यास दाखवायला मला मजा येते.

सराव हेच सगळं, असंही नाही बरं का. फर्नांड गोबे आणि गिलेर्मो कांपितेली यांनी अर्जेंटिनातल्या १०४ खेळाडूंना विचारलं तर मास्टर लेव्हल गाठायला एकाला साधारण ३,००० तास लागले होते, दुसऱ्याला २३,००० च्या वर. आठपट फरक. काही जण लवकर शिकतात, हे खरंच आहे. पण हा फरक त्या खेळाडूंमधलाच आहे, तो बाई-पुरुषाच्या खात्यात कुणी टाकलेला नाही.

"पण आकृती डोक्यात फिरवण्यात पुरुष पुढे असतात ना?"

असतात, सरासरीने. एखादी आकृती मनातल्या मनात फिरवून ओळखायची, या प्रकारच्या चाचणीत पुरुषांची सरासरी जास्त येते, हे बऱ्याच देशांत पुन्हा पुन्हा दिसलंय. आणि पट म्हणजे चौकटी, तिरके उंट, उड्या मारणारे घोडे, तेव्हा लोकांना वाटतं की झालं, सापडलं कारण. पण वर सांगितलेल्या २०१६ च्या गोळाबेरजेत या दृश्य-आकृतीच्या क्षमतेचा बुद्धिबळाशी संबंध निघाला फक्त ०.१३, आणि आकडेमोडीचा निघाला ०.३५. ज्या क्षमतेच्या जोरावर पुरुष पुढे आहेत असं सांगितलं जातं, तिचाच खेळाशी सगळ्यात कमी संबंध. दोरी तिथेच तुटते.

दुसरा आक्षेप जरा जास्त विचार करून घेतला जातो: सरासरी सारखी असेल, पण पुरुषांत टोकाची माणसं जास्त असतात, अतिहुशारही आणि अतिमठ्ठही, म्हणून शिखरावर पुरुष. काही परीक्षांच्या आकड्यांत असा पसारा दिसतो, हे मान्य. पण तो देशादेशात बदलतो, काळाबरोबरही बदलतो, आणि निव्वळ जन्मजात गोष्ट अशी सरहद्दीवर बदलत नाही. २०१५ मध्ये इंग्लिश ग्रँडमास्टर नायजेल शॉर्टनी लिहिलं होतं की पुरुष आणि बायकांच्या मेंदूची जडणघडणच वेगळी, ते स्वीकारा. जगभर आरडाओरडा झाला. त्यात कुणीतरी स्कोअर काढला: क्लासिकल डावांत ज्युडिट पोल्गारने शॉर्टना आठ वेळा हरवलंय, शॉर्टनी तिला तीन वेळा. एका बाईच्या स्कोअरने सिद्धांत पडत नाही, हे शॉर्टच्या बाजूने बोलणारे सांगतात आणि ते बरोबरच आहे, पण मजा यायची ती आलीच.

मुली कुठे गळतात? की येतच नाहीत?

मुंबईत रविवारी कुठे ना कुठे रॅपिड स्पर्धा असतेच, दादर, ठाणे, बोरिवली, डोंबिवली. शाळेचा नाहीतर कार्यालयाचा हॉल, आत घड्याळं दाबल्याचा आवाज, बाहेर जिन्यावर डबे उघडून बसलेले पालक, पुढच्या राउंडची पेअरिंग, म्हणजे कुणाचा डाव कुणाशी, ती लागली का म्हणून दर मिनिटाला फोन रिफ्रेश करणारे. अंडर-७ च्या टेबलांवर वेण्या बऱ्याच दिसतात. अंडर-१५ ला 'बेस्ट गर्ल'चं बक्षीस कधीकधी अशा मुलीला मिळतं की जिच्याशिवाय दुसरी मुलगीच त्या गटात नव्हती, आणि ट्रॉफी घेताना तिचा चेहरा बघण्यासारखा असतो.

हे बघून कुणालाही वाटेल की मुली मध्येच सोडतात. पण अमेरिकेत ख्रिस्तोफर शाब्री आणि मार्क ग्लिकमन यांनी २००६ मध्ये तेरा वर्षांचे, अडीच लाखांहून जास्त खेळाडूंचे आकडे चाळले, तर निघालं वेगळंच. एकाच वयाची, सारख्या रेटिंगची आणि सारखंच खेळणारी मुलगा-मुलगी घेतली तर दोघांची प्रगती सारखी आणि सोडून जाण्याचं प्रमाणही सारखंच. फरक होता तो सुरुवातीलाच. मुली पहिल्या स्पर्धेला येतानाच कमी तयारीने आणि कमी संख्येने येत होत्या. आणि ज्या भागांत नव्या खेळाडूंमध्ये निम्म्या किंवा जास्त मुली होत्या, तिथे हा सुरुवातीचा फरक दिसलाच नाही! माझ्या मते या सगळ्या विषयातला हा सर्वात कामाचा निष्कर्ष आहे आणि सगळ्यात कमी फॉरवर्ड झालेला.

मग सुरुवातीच्या आधी काय होतं, ते बघायला लागेल. २०१७ मध्ये लिन बियान आणि सहकाऱ्यांनी पाच ते सात वर्षांच्या अमेरिकन मुलांना विचारलं की गोष्टीतला 'खूप खूप हुशार' माणूस यातला कोण असेल. पाच वर्षांच्या मुली बिनधास्त बाईकडे बोट दाखवत होत्या. सहा-सात वर्षांच्या मुलींचं ते प्रमाण घसरलं होतं आणि 'हा खेळ फक्त खूप हुशार मुलांसाठी आहे' असं सांगितलं की त्यांचा खेळण्यातला रसही कमी व्हायचा. बुद्धिबळ नेमकं याच लेबलखाली विकलं जातं, आपल्या क्लासेसचे बोर्ड वाचा एकदा, आईनस्टाईनचा फोटो असतोच.

पालक आणि कोचही त्यातून सुटलेले नाहीत. २०२३ च्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या जवळपास ३०० पालकांना आणि कोचना विचारलं की तुमचं मूल, तुमचा विद्यार्थी, जास्तीत जास्त किती रेटिंग गाठेल. मुलींसाठीचा आकडा कमी आला, आणि ज्यांना वाटत होतं की बुद्धिबळाला जन्मजात प्रतिभा लागते, त्यांच्या उत्तरांत हे जास्त दिसलं. कुणी दुष्ट नाही यात. पण ज्याला २४०० होईल असं वाटतं त्याच्यासाठी आपण महागडा कोच शोधतो, जिला १८०० वाटतात तिला 'छंद म्हणून चांगलं आहे' म्हणतो.

आपल्याकडे त्यात प्रवासाची भर. स्पर्धा बाहेरगावी, आठ-नऊ दिवसांची, मुलगा बारा-तेराचा झाला की क्लासच्या ग्रुपबरोबर सर घेऊन जातात. मुलगी असेल तर आई नाहीतर बाबा सोबत हवेच, म्हणजे दोन तिकिटं, वेगळी रूम आणि घरातल्या एकाची सुट्टी. मुलीवर विश्वास नाही असं नसतं हो, पण हिशोब दुप्पट होतो आणि वर्षाला चारच्या ठिकाणी दोन स्पर्धा होतात. रेटिंग स्पर्धा खेळूनच वाढतं.

आणि वर पोचल्यावरही कटकट संपत नाही. २०२४ च्या जानेवारीत हॉलंडच्या वाइक आन झी इथल्या स्पर्धेनंतर दिव्याने जाहीरपणे लिहिलं होतं की लोक तिच्या डावांपेक्षा तिचे कपडे, केस आणि उच्चार यांच्यावरच बोलत होते. तेव्हा ती १८ ची होती.

समोर मुलगा बसला की हात थरथरतो का?

यावर मोठं मजेशीर भांडण आहे. २००८ मध्ये इटलीत ताकदीने सारख्या असलेल्या ४२ पुरुष-स्त्री जोड्यांना ऑनलाइन खेळवलं. समोर पुरुष आहे आणि बुद्धिबळात पुरुष भारी असतात, असं आठवून दिलं की बायकांचा खेळ खूप घसरला. तोच माणूस समोर असताना 'समोर बाई आहे' असं खोटं सांगितलं तर त्या बरोबरीने खेळल्या. सगळ्यांनी डोक्यावर घेतला हा अभ्यास. मग २०१८ मध्ये टॉम स्टॅफर्ड यांनी फिडेचे लाखो खरे डाव घेऊन सांगितलं की उलट आहे, पुरुषांसमोर बायका रेटिंगच्या अपेक्षेपेक्षा थोडं चांगलं खेळतात. मग दोन वर्षांत डेव्हिड स्मर्डन आणि सहकाऱ्यांनी (स्मर्डन स्वतः ग्रँडमास्टर आणि अर्थतज्ज्ञ) तसेच आकडे वय आणि बाकीच्या गोष्टी नीट धरून पुन्हा तपासले आणि म्हणाले की नाही, घसरण दिसतेच. मला स्मर्डन यांची मांडणी जास्त पटते, पण परिणाम असला तरी छोटा आहे, सगळा फरक त्याच्यावर ढकलू नये.

पोल्गार बहिणींचं काय?

हे उदाहरण येणारच. हंगेरीचे लाझ्लो पोल्गार यांनी ठरवलं होतं की प्रतिभा घडवता येते, तीन मुलींना शाळेत न पाठवता घरी शिकवलं आणि दिवसाचे तासन्‌तास बुद्धिबळ. झुझा आणि ज्युडिट दोघी १९९१ मध्ये पुरुषांच्याच निकषांवर ग्रँडमास्टर झाल्या, ज्युडिटने तर १५ वर्षं ४ महिन्यांची असताना सर्वात लहान वयात ग्रँडमास्टर होण्याचा बॉबी फिशरचा विक्रम मोडला. पुढे ती जगात आठव्या नंबरपर्यंत गेली, २००२ मध्ये मॉस्कोत रॅपिड डावात माजी जगज्जेत्या कास्पारोवला हरवलं. महिलांची वर्ल्ड चॅम्पियनशिप ती खेळलीच नाही.

यातून काय सिद्ध होतं? बाईला आठवा नंबर गाठता येतो, एवढं नक्की. सरावाने कुणालाही ज्युडिट करता येतं, हे होत नाही, कारण एकाच घरात, एकाच बापाच्या हाताखाली शिकलेली मधली बहीण सोफिया त्या दोघींइतकी वर गेली नाही. अर्थात १९८९ ला रोममध्ये तिने ग्रँडमास्टर असलेल्या स्पर्धेत ९ पैकी साडेआठ गुण काढले होते, ते आजही लोक आठवतात, तेव्हा 'कमी' हा शब्द जपून वापरा.

तर मग वेगळी स्पर्धा ठेवायची की बंद करायची?

काकांच्या प्रश्नाकडे येऊ. बंद करा म्हणणाऱ्यांचा मुद्दा वजनदार आहे. महिला ग्रँडमास्टर या किताबासाठी २३०० रेटिंग लागतं, खऱ्या ग्रँडमास्टरसाठी २५००. वेगळ्या किताबामुळे मुलीला २३०० लाच पोचल्यासारखं वाटतं, आजूबाजूचे हार घालतात, आणि पुढचे २०० पॉइंट, जे सगळ्यात अवघड, ते राहून जातात. ज्युडिट याच कारणाने वेगळ्या किताबांच्या विरोधात बोलत आलीये.

पण स्पर्धा बंद केल्या तर पैसा कुठून येणार? दिव्याला वर्ल्ड कपचे ५०,००० डॉलर मिळाले. त्याच वर्षी गोव्यात झालेल्या ओपन वर्ल्ड कपचं पहिलं बक्षीस होतं १,२०,०००. कमी आहे, पण महिलांचा कप नसता तर तेही नसतं, आणि नोकरी न करता फक्त बुद्धिबळ खेळणाऱ्या बायका आज आहेत त्याच्या पाव उरल्या असत्या असं मला वाटतं. संख्या हाच मुख्य प्रश्न असेल तर संख्या कमी करणारा उपाय करून कसं चालेल.

म्हणून मी तरी म्हणेन स्पर्धा ठेवा, वेगळे किताब हळूहळू बंद करा आणि चांगल्या मुलींना जमेल तेवढं ओपनमध्येच खेळवा. मुंबईतल्या आयोजकांसाठी अजून एक: त्या एकट्या 'बेस्ट गर्ल'च्या ट्रॉफीचे पैसे वाचवा आणि जो क्लास दहा मुली घेऊन येईल त्याची एंट्री फी अर्धी करा.